समाजाने विचारवंतांचं ऐकलं, ते नक्की कधी?

माळावरचा

परवा इथे एकाने लिहिलं, 'एकोणिसाव्या शतकात विचारवंत बोलायचे आणि समाज ऐकायचा. आज तसे विचारवंत उरले नाहीत, म्हणून महाराष्ट्राची ही गत.' सोबत आठ-दहा नावांची यादी, आणि खाली हात जोडलेल्यांची रांग. दोन दिवस दात-ओठ खात गप्प बसलो. आता सविस्तर लिहितो, आवडो न आवडो.

कधी ऐकलं हो समाजाने? आगरकर जिवंत असताना पुण्यात त्यांची प्रेतयात्रा काढली. ऐकणारे असं करतात? टेंभूसारख्या गावातून एम.ए.पर्यंत पोचलेला माणूस आईला कळवतो की मोठ्या पगाराची आशा सोड, मी पोटापुरतं मिळवून बाकीचा वेळ लोकांसाठी घालवणार. १८८८ ला 'सुधारक' काढतो, १८९५ ला एकोणचाळिसाव्या वर्षी दम्याने खंगून जातो. हाती काय? अण्णासाहेब कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं तर मुरुडकरांनी वाळीत टाकलं. त्यांचे चिरंजीव र. धों. यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. याच कामापायी विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी सुटली. 'समाजस्वास्थ्य' १९२७ पासून १९५३ ला मरेपर्यंत पदरमोड करून चालवलं, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. ऐकलं कोणी?

आणि रानडे? विधवाविवाहाचे मोठे पुरस्कर्ते. १८७३ मध्ये पहिली पत्नी वारली आणि त्याच वर्षी वडिलांच्या शब्दाखातर अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न. स्वतःचंच ऐकवेना, समाज काय ऐकणार?

बदल झाला तो आगगाडीने, गिरणीने, नळाच्या पाण्याने आणि पहिल्या तारखेच्या पगाराने. डब्यात सोवळं पाळता येईना म्हणून सोवळं सुटलं. विचारवंत मागून आले आणि चरित्रकारांनी त्यांना पुढच्या डब्यात बसवलं.

अप्पा_सदाशिव

झालं? आता ऐका.

आगगाडी १८५३ ला बोरीबंदरहून सुटली ती ठाण्याला थांबली नाही. पन्नास वर्षांत देशभर रूळ पडले. राजस्थानात पडले, बिहारमध्ये पडले. पगारही तिकडे पहिल्या तारखेलाच होत असणार. मग बालविवाह तिकडे इतके का रेंगाळले? इंजिनाच्या धुराने डोकी साफ होत असती तर मुघलसराय हे सुधारकांचं माहेरघर झालं असतं.

जांभेकरांचं 'दर्पण' १८३२ चं. लोकहितवादींची शतपत्रं १८४८ पासूनची, आणि त्यात त्यांनी स्वतःच्याच जातीची जी धुलाई केली ती आज कोणी छापेल का सांगा. चाळीस-पन्नास वर्षं कोणीतरी बडबडत राहावं लागतं, तेव्हा कुठे १८९१ च्या संमतिवयाच्या (शरीरसंबंधासाठी मुलीचं किमान वय ठरवणाऱ्या) कायद्यावर डोकी फोडायला माणसं जमतात. भांडण पेटलं म्हणजे ऐकू गेलेलं असतं. ज्याचं कोणी ऐकतच नाही त्याची प्रेतयात्रा कोण काढतं?

साधी गोष्ट. आज कोणाच्या घरात केशवपन होतं? ते आगरकरांनी बंद पाडलं. एवढं तरी पदरात घाला.

निशा_परळ

आगरकरांनी बंद पाडलं??

अप्पा, माझ्या आजीची आत्या अकराव्या वर्षी विधवा झाली. नवऱ्याचं तोंड धड पाहिलेलं नव्हतं. आगरकर जाऊन तेव्हा वीसेक वर्षं झाली होती. तरी दर पंधरवड्याला न्हावी मागच्या दाराने परसात यायचा. तुळशीकडे पाठ करून पाटावर बसवायचे, डोक्यावरून गार पाणी आणि मग वस्तरा. नंतर आंघोळ, आलवण म्हणजे विधवेचं लाल लुगडं, आणि दिवसभर कोणासमोर यायचं नाही. घरात 'केसरी' यायचा, 'सुधारक'चे जुने अंकही बांधून ठेवलेले होते म्हणे. सासरे मोठे वाचक! वाचायचे आणि परसात न्हाव्याला वर्दी द्यायचे.

ते थांबलं कशाने सांगू? न्हावी यायचा बंद झाला म्हणून. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० च्या सुमारास मुंबईत न्हाव्यांची सभा भरवली, विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असा ठराव करवला. संप होता तो. तुमच्या विचारवंतांनी निबंध लिहिले, न्हाव्यांनी हात आवरला. आमच्याकडे ते लोण पोचायला उशीर झाला इतकंच.

धोकटी

निशाताईंनी विषय काढलाच आहे तर बोलतो, एरवी या धाग्यांवर मी नुसता वाचतो.

आम्ही त्या मागच्या दाराने येणाऱ्यांपैकी. पणजोबा सांगलीकडच्या गावात बलुत्यावर. आजोबा सांगायचे की ब्राह्मण आळीतल्या विधवांचं काम घरात कोणालाच आवडायचं नाही. पोरीसारख्या पोरी, रडायच्या, हात धरायच्या. पणजोबा त्या दिवशी घरी येऊन हत्यारांची धोकटी दारातच ठेवायचे आणि जेवायचे नाहीत. पण नाही म्हणायची सोय नव्हती. बलुतं म्हणजे काय ते इथल्या बऱ्याच जणांना पुस्तकातून माहीत असेल. सुगीला खळ्यावर जाऊन धान्य घ्यायचं, तेही देणाऱ्याच्या मर्जीने. एका आळीला नाही म्हटलं की पाटलापासून कुलकर्ण्यापर्यंत सगळं गाव फिरतं.

तेव्हा 'न्हाव्यांनी हात आवरला' हे एका ओळीत लिहायला सोपं आहे. मुंबईत रोख पैसे घेणाऱ्याला आवरता आला. गावातल्याने आवरला तर वर्षाची ज्वारी गेली. आगरकरांच्या नावाने रस्ते झाले, कर्व्यांना १९५८ मध्ये भारतरत्न मिळालं. ठराव करणाऱ्या त्या न्हाव्यांपैकी एकाचं तरी नाव कोणाला येतं का? मलाही येत नाही, आणि मी त्यांच्यातला आहे.

माळावरचा

धोकटी, दंडवत. मी दहा ओळींत जे सांगू शकलो नाही ते हेच. पैसा आणि पोट.

अप्पा_सदाशिव

थांबा, उगीच एकमेकांच्या गळ्यात पडू नका. लोखंडे कोण होते? नुसते गिरणी कामगारांचे पुढारी? 'दीनबंधू'चे संपादक होते. सत्यशोधक होते. १८८४ ला कामगारांची संघटना काढली, १८९० ला रविवारची सुट्टी मिळवली. आज तुम्ही सगळे रविवारी लोळत पडून ज्यांच्या कृपेने हे टंकताय तो संपादक आहे, लिहिणारा माणूस आहे. न्हाव्यांची सभा आकाशातून पडली नाही. फुल्यांनी १८६३ मध्ये आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं, फसवल्या गेलेल्या विधवांसाठी. १८७३ ला सत्यशोधक समाज. तो विचार लोखंड्यांपर्यंत आला आणि त्यांनी तो वस्तऱ्यापर्यंत नेला. हा विचारवंताचा प्रभाव नाही तर काय आहे?

धोकटींच्या पणजोबांबद्दल बोलण्याचा मला अधिकार नाही, ते बरोबर आहेत.

माळावरचा

वा! म्हणजे पहिल्या प्रतिसादात 'आगरकरांनी बंद पाडलं', आणि आता फुले-लोखंडे. चेंडू सोयीने कुठेही. बरं, लोखंडे विचारवंत, मान्य, हवं तर शिक्का मारून देतो. मग परवाच्या त्या सुस्काऱ्यात जी आठ-दहा नावं होती त्यात ते का नव्हते? त्या यादीत एकही माणूस असा नव्हता ज्याने कामगारांची सभा घेतली.

मिलिंदचा_माजी

कारण यादी करणारे तेच आणि यादीत असणारेही तेच. १८८५ मध्ये रानड्यांनी मराठी ग्रंथकारांच्या सभेचं बोलावणं धाडलं तेव्हा जोतीरावांनी जे झणझणीत उत्तर पाठवलं ते काढून वाचा. तुमच्या सभांत आमच्या लोकांच्या दुःखाला जागा नाही, आमचं आम्ही बघू, असा त्याचा सूर. एकशेचाळीस वर्षं झाली. फरक काय पडला?

बाबासाहेबांनी १९३६ मध्ये लाहोरसाठी जे भाषण ('अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट') लिहिलं, आणि आयोजकांनी कच खाल्ल्यावर स्वतः छापलं, त्यात बुद्धिजीवी वर्गावर सरळ बोट ठेवलं आहे. देश कुठे जाणार हे हा वर्ग ठरवतो हे ते मान्य करतात. पण बुद्धी हा काही सद्गुण नव्हे, ते साधन. हुशार माणूस सज्जन असेल तसाच लबाडही असेल, हेही तिथेच सांगतात. आणि हा सगळा वर्ग एकाच जातीतून येत असेल तर तो त्या जातीचं हित सोडून कोणाचं बघणार?

तेव्हा 'समाज ऐकत होता का' हा प्रश्नच अर्धा आहे. समाज चांगला ऐकत होता. शेकडो वर्षं ऐकत होता. पोथी लिहिणारेही विचारवंतच होते की. विधवेच्या डोक्यावर वस्तरा फिरवा हे कोणी न्हाव्याने सांगितलं होतं का?

गायकवाडवाडा

आला, जातीवर विषय आला. वाटच बघत होतो.

इथे नेहमीप्रमाणे टिळकांना न वाचता झोडपायची तयारी चाललेली दिसते म्हणून आधीच सांगतो. संमतिवयाच्या कायद्याला त्यांचा विरोध होता तो परकीय सरकारने घरात घुसण्याला. सुधारणेला नव्हे. १८९० मध्ये त्यांनी सुधारकांपुढे कलमंच ठेवली. मुलीचं लग्न सोळाच्या आत नको, मुलाचं विसाच्या आत नको, चाळिशीनंतर पुरुषाला लग्न करायचं असेल तर विधवेशी, हुंडा बंद, विधवांचं विद्रूपीकरण बंद. ज्याला सुधारणा हवी त्याने सही करावी आणि आधी आपल्या घरात पाळावी. सरकारचा कायदा बारा म्हणत होता, टिळक सोळा म्हणत होते! किती सुधारकांनी सह्या केल्या ते शोधा.

निशा_परळ

कायदा दहाचे बारा करत होता. का, तर १८८९ मध्ये बंगालात फुलमणी नावाची अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या 'हक्का'खाली मेली. तिला सही करून स्वतःच्या घरात पाळणारा नवरा मिळेपर्यंत थांबायला सांगायचं होतं का? आणि रखमाबाई? लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे जायला नको म्हणाली. १८८७ मध्ये मुंबईच्या कोर्टाने सांगितलं, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती म्हणाली तुरुंग चालेल. तेव्हा 'केसरी' कोणाच्या बाजूने होता हो? तिथे कोणता परकीय घरात घुसत होता? पुढे ती लंडनला जाऊन डॉक्टर झाली, सुरत-राजकोटला बायकांची बाळंतपणं केली. कोणाच्याही कलमांची वाट न बघता.

तुमची सोळाची कलमं कागदावर छान दिसतात. ज्याला काही करायचं नसतं तो नेहमी दुप्पट मागतो.

गायकवाडवाडा

मंडालेला सहा वर्षं काढलेल्या माणसाला 'काही करायचं नसतं' म्हणणाऱ्यांशी बोलण्यात अर्थ नाही. परळच्या चाळीत बसून टिळकांना शहाणपण शिकवा.

निशा_परळ

चाळीचं नाव काढलंत ते बरं केलंत. मंडालेची शिक्षा झाली तेव्हा १९०८ मध्ये सहा दिवस गिरण्या बंद ठेवून गोळ्या खाल्ल्या त्या चाळीतल्यांनीच. वाड्यातल्यांनी नव्हे.

माळावरचा

😀 काका, हा त्रिफळा.

उगाच_काहीतरी

तुम्ही सगळे १८९० मध्ये सुखी आहात, राहा. मी एक आजचं विचारतो. आमच्या गावचं वाचनालय. पत्र्याचं छप्पर, ग्रंथपालाला जे मानधन मिळतं ते सांगायला लाज वाटते, अनुदान कधी येईल त्याचा नेम नाही. गेल्या पावसात दोन कपाटं भिजली, चरित्रांचं कपाट त्यातच. पुस्तकं अंगणात वाळत घातली तर शेळ्यांनी कडेची पानं खाल्ली. आणि तिकडे दरवर्षी साहित्य संमेलन. मांडव, मानकरी, पंगती, मंत्री. त्या एका मांडवाच्या खर्चात किती वाचनालयांवर स्लॅब पडेल याचा हिशोब एकाही विचारवंताने कधी व्यासपीठावरून मांडला आहे का?

अप्पा_सदाशिव

विषय हा नाही, पण संमेलनाला नावं ठेवण्याआधी दोन गोष्टी. १९४६ च्या बेळगाव संमेलनात, माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. राजकीय पक्ष पुढे आले ते नंतर. आणि १९७५ ला कराडला, ऐन आणीबाणीत, यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष असताना दुर्गाबाई भागवतांनी अध्यक्ष म्हणून सरकारविरोधी आंदोलनाचे नेते जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. पुढच्या वर्षी तुरुंगात गेल्या. मांडव सरकारी असेल, बाई नव्हत्या.

उगाच_काहीतरी

एक १९४६, एक १९७५. मधल्या आणि नंतरच्या सगळ्या वर्षांचा स्लॅब?

पेडण्याचो

संयुक्त महाराष्ट्र म्हणालात म्हणून. लेखणीचा परिणाम होतो का, याचं उत्तर आमच्याकडे मतपेटीत आहे. १९६७ चा जनमत कौल. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही. 'राष्ट्रमत'मध्ये उदय भेंब्रे 'ब्रह्मास्त्र' हे सदर लिहायचे, विलीनीकरणाच्या विरोधात. लोक सकाळी आधी ते वाचायचे आणि मग पेपर उलगडायचे. सुमारे ३४ हजार मतांनी विलीनीकरण पडलं. आणि 'राष्ट्रमत' मराठी दैनिक होतं हे मुद्दाम सांगतो. तुमच्याच भाषेत तुम्हाला नको म्हटलं.

गायकवाडवाडा

ते ख्रिस्ती मतांमुळे पडलं.

पेडण्याचो

नुसत्या तेवढ्या मतांनी पडलं नसतं, हिशोब करा. भाऊसाहेब बांदोडकरांचं सरकार विलीनीकरणवादी, तेच निवडून आलेलं, आणि तरी कौल उलटा गेला. बहुजनांची बरीच मतं फिरली. ती पत्रकं, सभा, गाणी आणि सदरं यांनी फिरली. माझे वडील आधी विलीनीकरणवाले. घरात भाऊसाहेबांचा फोटो. आतून मात्र विलीनीकरणविरोधी 'दोन पानं' या चिन्हावर शिक्का मारून आले, आणि आजोबांना मरेपर्यंत सांगितलं नाही.

मंदाताई_ठाणे

एवढं भांडण वाचून डोळे दुखले, पण माळावरच्यांनी 'र. धों. चं ऐकलं कोणी' असं विचारलंय त्याचं उत्तर द्यायला मी आहे.

माझे वडील रेल्वेत कारकून, कल्याणला. आमच्या आधीच्या पिढीत घराघरात आठ-आठ, नऊ-नऊ मुलं, त्यातली निम्मी जगायची. माझ्या आजीला अकरा झाली, ती बाराव्याच्या वेळी गेली. आम्ही दोघीच बहिणी, मी १९४९ ची आणि धाकटी चार वर्षांनी. मुलगा नाही म्हणून सगळं गणगोत आईला टोचायचं, ती काही बोलायची नाही. वडील गेल्यावर फडताळ आवरलं तर वरच्या फळीवर, पंचांगांच्या गठ्ठ्याखाली, 'समाजस्वास्थ्य'चे अंक. मुखपृष्ठांना तपकिरी कागद घातलेला. आईला विचारलं तर म्हणाली, 'त्यांनी वाचले, मग मला वाचायला दिले. तुझ्या आजीसारखं मला मरायचं नव्हतं.' बस, एवढंच.

असं ऐकणारे लोक पत्रं लिहून कळवत नसतात, सभेला हात वर करत नसतात. तपकिरी कागद घालून वाचतात. त्यांची मोजदाद तुम्ही कुठल्या कागदपत्रांतून करणार?

माळावरचा

मंदाताई, तुमच्यापुढे वाद घालायची माझी छाती नाही. तपकिरी कागदवाले वाचक होते, ठीक आहे, मान्य. अप्पांनी लगेच पेढे वाटू नयेत. कारण तुमचे वडील रेल्वेत होते, महिन्याचा पगार होता, कल्याणला सासू-सासऱ्यांपासून लांब बिऱ्हाड होतं. तोच अंक एखाद्या वाड्यातल्या एकत्र कुटुंबात आला असता तर चुलीत गेला असता. आगगाडी माझी, अंक तुमचा. निम्मं-निम्मं.

अप्पा_सदाशिव

निम्मं! सकाळी शून्य होतं. संध्याकाळपर्यंत पाऊण होईल, मी जागाच आहे.

मिलिंदचा_माजी

हसण्यावारी नेऊ नका. निम्मं-निम्मं बोलायला बरं वाटतं. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्या नरेंद्र दाभोलकरांनी जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं खेटे घातले. सरकारं आली, गेली, विधेयक लटकलेलं. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात पुलावर गोळ्या घातल्या आणि त्याच आठवड्यात वटहुकूम निघाला. यात आगगाडी किती आणि अंक किती ते सांगा.

धोकटी

माझ्या प्रश्नाला मात्र सगळे वळसा घालून गेले. आगरकर, फुले, लोखंडे, टिळक, श्रेयाची वाटणी चाललीय, चालू द्या. ज्या गावांत न्हाव्याने नाही म्हटलं तिथे त्या वर्षी त्याच्या घरी ज्वारी कुठून आली? एखाद्या सुधारकाने, एखाद्या सभेने, कोणा रावबहादुराने ती भरून दिल्याची नोंद अप्पांना सापडली तर टाका. मी आगरकरांच्या पुतळ्याला स्वतः हार घालीन.

अप्पा_सदाशिव

शोधतो. 'दीनबंधू'चे जुने अंक सगळे हाती लागत नाहीत ही खरी अडचण आहे.

धोकटी

'केसरी'चे लागतात ना सगळे?